काचेतला खुबा

सासरे आमच्याकडे राहायला येण्याआधी त्यांचा खुबा आला. चार माणसांनी तो लिफ्टमधून वर आणला, सोफा होता तिथे मांडला, सोफा जिन्यात ठेवला आणि माझा अंगठा एका पडद्यावर उमटवून घेतला. खुबा म्हणजे तेव्हा फारसं काही नव्हतं. तीनशे लिटर खाऱ्या पाण्याची काचेची टाकी, वर निळसर दिवा आणि मधोमध दांडीला टांगलेला जाळीदार पांढरा गोळा. गोळ्यावर मसुरीएवढे तपकिरी ठिपके चिकटवलेले होते. ठिपके जिवंत होते. सोफ्याबद्दल तसं म्हणता येत नव्हतं, त्यामुळे मी तक्रार केली नाही.

"हे आजोबांचं हाड होणार," केतकी उमाठे म्हणाली. ही कंपनीची मुलगी, मूळची अचलपूरची, आणि कुठलीही गोष्ट लग्नाच्या आमंत्रणासारखी सांगायची तिची पद्धत होती. "आठ-नऊ महिने फक्त सांभाळा नं, सर."

प्रवाळाचा सांगाडा आणि माणसाचं हाड यांची आतली वीण जवळपास सारखी असते. तीच भोकं, तेच बोगदे. डॉक्टरांना हे फार आधीपासून माहीत होतं, प्रवाळाचे तुकडे ते हाडातल्या खड्ड्यांत पूर्वीही भरत. नवीन एवढंच, की आता कुणीतरी दहापट वेगाने वाढणारा प्रवाळ तयार केला होता. रुग्णाच्या खुब्याचं चित्र काढायचं, त्या मापाचा साचा छापायचा, त्यावर प्रवाळ लावायचा. हे बारके जीव पाण्यातलं कॅल्शियम उचलतात आणि साच्याभोवती घर बांधत जातात. घर पुरं झालं की त्यांना अलगद दुसऱ्या साच्यावर हलवायचं आणि घर रुग्णाच्या कमरेत बसवायचं. राहणाऱ्यांना इतक्या सभ्यपणे जागा खाली करायला लावणारी पुण्यातली ही पहिलीच योजना.

सुरुवातीला हे खुबे हॉस्पिटलात एकत्र वाढवत. तिथे एकदा रोग शिरला आणि अख्ख्या वॉर्डाचे खुबे एका आठवड्यात गेले. तेव्हापासून नियम झाला: एक रुग्ण, एक टाकी, एक घर. शिवाय रुग्णाने रोज पंधरा मिनिटं हात पाण्यात बुडवून बसायचं. त्याच्या कातडीवरच्या जिवाणूंचा पातळ थर प्रवाळावर बसतो आणि पुढे शरीर त्या हाडाला परकं म्हणत नाही. कंपनी याला 'ऋणानुबंध' म्हणे.

"जपायचं ते धातूंपासून," उमाठे म्हणाली. "त्यातही तांबं. आपल्याला तांब्याचं काही होत नाही, माशांनाही थोडं चालतं. याला नाही चालत. शिवाय हा कॅल्शियम समजून तांबंही भिंतीत बसवतो. एकदा बसलं की निघत नाही, आणि असं हाड कमरेत गेलं की तिथल्या पेशी मारतं. एक अब्ज भाग पाण्यात वीस भाग तांबं, याच्या वर गेलं नाही पाहिजे. आजोबा काय करायचे?"

"तांबट आहेत," मी म्हणालो. "तांब्याची भांडी घडवतात. कसब्यात. साठ वर्षं झाली."

तिने टाकीच्या काचेवरचा माझा ठसा पुसला.

"छान," ती म्हणाली. "सोबत आणू नका म्हणावं."

माझे सासरे त्र्यंबक निजामपूरकर, म्हणजे नाना. वय अठ्ठ्याहत्तर. उजवा खुबा पार झिजलेला. जमिनीवर बसता यायचं, उठता यायचं नाही. एका संध्याकाळी दुकानातला मदतनीस लवकर गेला आणि नाना रात्रभर तिथेच मांडी घालून बसून राहिले. सकाळी शेजारच्याने फोन केला, शैलजा, म्हणजे माझी बायको, धावत गेली, आणि तिथून थेट कंपनीच्या कचेरीत गेली. पंचाहत्तरीपुढच्या माणसाच्या मोठ्या उपचाराला मुलांची संमती लागते असा नवा कायदा आला होता. त्या माणसाची स्वतःची लागते की नाही, याबद्दल कायदा काही बोलत नव्हता. शैलजाने सही केली. नानांना टाकी बसल्यावर कळलं.

मग आमचं घर धातूमुक्त झालं. देवघरातली समई, पळी-पंचपात्र, घंटा शैलजाच्या मावशीकडे गेली. देव प्लास्टिकच्या ताटलीत आले. नळ बदलले. शैलजा बँकेतून आली की मंगळसूत्र, घड्याळ, किल्ल्या दाराबाहेरच्या डब्यात टाकून, हात धुऊन, मगच आत यायची. मी वाणिज्य शिकवायचो. आमच्या कॉलेजात ते काम आता एक यंत्र करतं आणि मी घरी बसून त्याच्यावर देखरेख करतो, म्हणजे पगार घेतो. त्यामुळे 'सहवासी' म्हणून माझं नाव लागलं. सहवाशाच्या मनगटावर पट्टा असतो. तो तासाभराहून जास्त घराबाहेर राहिला तर पट्टा कुरकुरतो, आणि मग कंपनीचा फोन येतो. नानांना तर उंबऱ्याबाहेर जायचीच बंदी होती, रस्त्यावरची धूळ नको म्हणून.

सातव्या मजल्यावर आम्ही दोघं आणि तो खुबा. सकाळी मी मिठाच्या पुड्या मोजून शुद्ध पाण्यात कालवायचो आणि टाकीतलं थोडं पाणी बदलायचो. दुपारी नाना प्लास्टिकच्या वॉकरवर हॉलपर्यंत यायचे, स्टुलावर बसायचे आणि हात पाण्यात घालायचे. प्रवाळ उमलायचा, बारीक बारीक बोटं बाहेर काढायचा.

"वाढतोय का?" मी विचारायचो.

"कोण?"

"खुबा."

"मला काय विचारता. माझा असता तर माझ्याजवळ असता."

दोन महिने सगळं सुरळीत होतं. मग तांबं चढायला लागलं. टाकीवरच्या पडद्यावर आकडा दिसायचा. तीन, पाच, आठ. उमाठे आली, वाकून वाकून शोध घेतला. काच पुसायचं चुंबक फुटून गंजतं, पंपाच्या दांडीवरचं आवरण उडतं, पाणी तापवायच्या कांडीला चीर जाते, असं तिने सांगितलं. सगळं काढून बघितलं, सगळं ठणठणीत. तिने धातू शोषणाऱ्या दाण्यांच्या पिशव्या पाण्यात सोडल्या. आकडा उतरला, दाणे निळसर झाले, आकडा पुन्हा चढला. अकरा. तेरा.

"घरात काही नवीन आलं का, सर?"

"चिंच," मी म्हणालो. "नानांना रोज सार लागतं."

"चिंचेनं काय होते," ती म्हणाली आणि आमच्या पाण्याच्या मोटरवर संशय घेऊन गेली.

त्याच सुमारास वरच्या मजल्यावर ठोकाठोक सुरू झाली. रोज दुपारी, माझी डुलकी लागायच्या वेळी, एका लयीत. मी सोसायटीच्या ग्रुपवर लिहिलं की सबनीसांनी नूतनीकरणाच्या वेळा पाळाव्यात. सबनीसांनी उत्तर दिलं की ते तीन आठवडे मुलीकडे होते, परतल्यापासून आवाज त्यांनाही येतो आणि तो त्यांच्या वरच्यांचा आहे. वरच्यांनी तो त्यांच्या वरच्यांवर ढकलला. तक्रार अशी एकेक मजला चढत गच्चीवर पोचली. गच्चीत पाण्याची टाकी सोडून कोणी राहत नव्हतं. सेक्रेटरींनी टाकीला नोटीस दिली नाही, पण प्लंबर पाठवला.

आकडा सतरावर गेला त्या दिवशी मला झोप लागेना. ठोकाठोक चालू होती. मी पाणी प्यायला उठलो, नानांच्या खोलीवरून गेलो आणि तिथेच थांबलो. आवाज वरून येत नव्हता.

दार ढकललं. नाना खाटेच्या कडेला बसले होते. दोन गुडघ्यांच्या मध्ये आमचा वरवंटा उभा धरलेला, त्यावर तांब्याची लोटी पालथी घातलेली, आणि हातात हातोडी. बाजूला वाटीत चिंचेचा कोळ आणि मीठ.

"या," ते म्हणाले, मी दुकानात आल्यासारखं.

"नाना, हे काय?"

"लोटी."

"ते दिसतंय."

"मग विचारता कशाला?"

लोटी आणि हातोडी शेकायच्या पिशवीच्या कव्हरातून आली होती. नाना ती लोटी मठारत होते, म्हणजे हातोडीचे एकसारखे ठोके देत तिच्या अंगावर ओळीने खळगे पाडत होते. पूर्ण मठारून झाली की चिंच-मिठाने घासून लखलखीत करायची. मग सगळे खळगे सपाट करायचे आणि पहिल्यापासून पुन्हा सुरुवात. दुसरं भांडं नव्हतं.

"पत्र्याचा कागद झालाय बघा," ते म्हणाले.

"पण कशासाठी?"

"हात जातो, मुकुंदराव. तुम्ही शिकवायचं थांबवलंत, तुमचं काय झालं?"

"पगार झाला."

"आमच्यात हात जातो."

मी खाली वाटीकडे पाहिलं. आंबट आणि खारट एकत्र आलं की तांबं विरघळतं. भांडं चमकतं ते त्यामुळेच. चमकण्यातून गेलेलं तांबं कोळात उतरतं, कोळ हाताला लागतो, हात धोतराला पुसला जातो आणि मग पंधरा मिनिटं टाकीत बुडतो. नानांचा खुबा नानांच्याच हाताने बिघडत होता. कंपनीला कळवलं असतं तर 'जाणूनबुजून उल्लंघन' झालं असतं आणि नानांचं नाव कायमचं कटलं असतं. एकदा गेलेला नंबर या वयात परत लागत नव्हता.

मी हे सगळं समजावलं. नानांनी ऐकून घेतलं.

"तांब्यानं हाड मरतं?" ते म्हणाले. "साठ वर्षं मी मग कशावर उभा होतो?"

"नाना, चालता यायला हवं ना तुम्हाला?"

"दुकानात जाता आलं पाहिजे."

"मग एवढे महिने थांबा. खुबा बसला की जा दुकानात."

ते विचारात पडले. मग लोटी पिशवीच्या कव्हरात घातली आणि माझ्या हातात दिली. मी ती शैलजाला न सांगता दाराबाहेरच्या डब्यात तळाशी, जुन्या वर्तमानपत्राखाली ठेवली. ठोकाठोक थांबली. ग्रुपवर सबनीसांनी प्लंबरचे आभार मानले. आकडा उतरत उतरत चारवर आला, आणि जाळीदार गोळ्यावर घट्ट पांढरं हाड चढायला लागलं. त्यावर प्रवाळाची तपकिरी साय.

नाना मात्र उतरत गेले. जेवताना उजव्या हाताची बोटं ताटाच्या कडेवर ठोके देत राहायची. कधीकधी ठोका चुकायचा, मग ते हात मांडीखाली ठेवायचे. खिडकीत बसायचे, पण बघायचे नाहीत. एकदा मी खाली भाजी आणायला गेलो आणि उगाच कोपऱ्यापर्यंत चालत राहिलो. पट्टा कुरकुरला तेव्हा लक्षात आलं की निदान मी कोपऱ्यापर्यंत तरी गेलो होतो.

ऑपरेशनच्या पंधरा दिवस आधी उमाठे मार्गदर्शनाला आली. शैलजाने सुट्टी घेतली होती, शिरा केला होता.

"आजोबा, आता रोज दोन किलोमीटर चालायचं," उमाठे म्हणाली. "जिने चढायचे. बागेत जायचं."

"आणि बसायचं?" नानांनी विचारलं.

"खुर्चीत. एकदम आरामात."

"खाली. मांडी घालून."

"ते नाही जी. मांडी नाही, उकिडवं नाही. खुबा सटकेल नं."

"मग काम कसं करायचं?"

उमाठेने शैलजाकडे पाहिलं. शैलजाने शिऱ्याकडे.

"कामाचं म्हणाल तर," उमाठे म्हणाली, "त्या हाडात तुमचं स्वतःचं हाड भरायला सात वर्षं लागतात. तोपर्यंत तांब्याच्या दुकानात जाता येत नाही. मी मॅडमना सांगितलं होतं."

नाना माझ्याकडे वळले. "सात वर्षांनी मी केवढा असेन, मुकुंदराव?"

"पंच्याऐंशी."

"चांगलं वय आहे. शिकाऊ म्हणून घेतील."

उमाठेला सोडायला मी लिफ्टपर्यंत गेलो. आजोबांना नको असेल तर काय करायचं, असं विचारलं.

"आजोबांची सही चालत नाही, सर. मॅडमची चालते. आणि एकदा प्रवाळ लावल्यावर मॅडमचीही चालत नाही. तपासणीत खुबा बाद झाला तरच सुटका. शेवटच्या आठवड्यात तर आकडा एकदा जरी वर गेला तरी बाद." लिफ्ट आली. "पण असं कोण करेल."

रात्री जेवायला बसलो. मग नाना म्हणाले, "शैलू, नको म्हणून सांग त्यांना."

"नाही सांगणार. तुम्हाला रात्रभर फरशीवर बसलेलं बघितलंय मी."

"बसलोच होतो. पडलो नव्हतो."

"उठता येत नव्हतं तुम्हाला, नाना."

"उठायचं कुणाला होतं?"

शैलजा ताटावरून उठली. मी स्वयंपाकघरात गेलो तेव्हा ती आधीच घासलेलं भांडं घासत होती.

"चालायला लागले की म्हणतील, बरं झालं," ती म्हणाली.

"आणि नाही म्हणाले तर?"

"तर चालत चालत भांडतील माझ्याशी. निदान चालतील." तिने नळ बंद केला. "त्या सकाळी मला वाटलं होतं, गेले. तुला माहीत नाही, लांबून कसे दिसत होते."

मला खरंच माहीत नव्हतं. मी ते भांडं पुसायला घेतलं.

तपासणीच्या आदल्या दुपारी नाना नेहमीसारखे वॉकरवर आले. आज उशीर झाला होता. स्टुलावर बसले आणि उजवा हात माझ्यासमोर धरला. बोटांच्या पेरांत, नखांत, तळहाताच्या रेघांत हिरवट ओल होती. चिंचेचा वास आला. डब्यातली लोटी आत कशी आली हे मी विचारलं नाही. वॉकरवरून दारापर्यंत जाऊन यायला त्यांना किती कष्ट पडले असतील, हे दमलेल्या श्वासावरून कळत होतं.

"हात धुवायचे राहिलेत," नाना म्हणाले. "धुऊ?"

ते मस्करी करत नव्हते. मला विचारत होते. घरात एवढ्या महिन्यांत त्यांना काय हवं ते कोणी विचारलं नव्हतं, आणि तरी ते मला विचारत होते. एका बाजूला शैलजा होती, फरशीवर लांबून बाप बघितलेली. समोर प्रवाळ होता, त्याची बोटं बाहेर आली होती, रोजचा हात ओळखीचा झाला होता त्याच्या. आणि हा हात होता. मला तिघांचंही बरोबर वाटत होतं, आणि हे वाटणं काही उपयोगाचं नव्हतं.

"पंधरा मिनिटं होऊ द्या," मी म्हणालो. "मग धुवा."

नानांनी मान हलवली आणि हात पाण्यात घातला. प्रवाळ पुढे आला आणि लगेच मिटला. आकडा सरकायला लागला. नाना काचेकडे न बघता माझ्याकडे बघत होते. त्यांनी हात बाहेर काढला तेव्हा आकडा एकोणचाळीस होता. मी घरातल्या सगळ्या दाण्यांच्या पिशव्या एकदम पाण्यात सोडल्या. खुबा गेला होता, पण त्यावर राहणाऱ्यांनी कुणाचं काय वाकडं केलं होतं.

शैलजाला आम्ही संध्याकाळीच सांगितलं.

"मी केलं," नाना म्हणाले.

"आणि तू काय करत होतास?" तिने मला विचारलं.

"बघत होतो."

दुसऱ्या दिवशी उमाठेने पडद्यावरची नोंद पाहिली, नानांच्या हाताकडे पाहिलं, एकदा हुंगल्यासारखं केलं. "मोटरमधूनच आलं असेल," ती म्हणाली. सोसायटीला नवी मोटर बसवायचा आदेश आला आणि सबनीसांनी त्याचं श्रेय घेतलं. दोन दिवसांनी चार माणसं टाकी न्यायला आली. प्रवाळ तोवर पुन्हा उमलायला लागला होता. बाद खुब्याचं काय करतात असं मी विचारलं. नष्ट करतात असा नियम होता. उमाठेने तो बादलीत घेतला आणि म्हणाली की तिच्या खोलीत खिडकीजवळ जागा आहे. माझा पट्टा काढायला मात्र ती विसरली. तो मी कात्रीने कापला.

सोफा जिन्यातून परत आला. पुढचे काही दिवस मी त्यावरच झोपलो. शैलजा नानांशी बोलत नव्हती आणि माझ्याशी त्याहून कमी. मग एका सकाळी तिने गाडीची किल्ली घेतली.

"मी सोडणार," ती नानांना म्हणाली. "संध्याकाळी हा उठवून आणणार. रोज. एक दिवस चुकला तर दुकान बंद." आणि मग, गाडीकडे जाता जाता, "दुखलं तर दुखतंय म्हणायचं. उगीच बसून राहायचं नाही."

नाना दुखतंय म्हणाले नाहीत, पण तिला कळत होतं, आणि तिला कळतंय हे त्यांना कळत होतं. खुबा दर महिन्याला थोडा जास्त झिजतो. डॉक्टर म्हणतात, पुढे बसताही येणार नाही. कधी, ते सांगत नाहीत.

तेव्हापासून रोज सहा वाजता मी कसब्यात असतो. परवा गेलो तेव्हा समोर मोठं घंगाळ होतं. जमिनीत रोवलेल्या लोखंडी दांड्यावर ते पालथं घालून नाना मांडी घालून बसले होते, ठोके देत. गल्लीत दोन्ही बाजूंनी तोच आवाज.

"चला, नाना."

"थांबा, एवढी ओळ होऊ दे. उभे का? बसा."

मी बसलो. घंगाळाला पूर्ण वळसा घालायचा म्हणजे ओळ लांब असते. ठोका शेजारच्या ठोक्याला चिकटून पडत होता, ना आत ना बाहेर. मधेच एक सरकला. नाना थांबले, त्यावरून अंगठा फिरवला आणि पुढे गेले. ओळ पुरी झाली.

"उठवा आता," ते म्हणाले.

मी उठायला गेलो. उजवा पाय पार झोपला होता आणि डावा गुडघा जिथे होता तिथून हलेना. हात टेकून पाहिलं, कूस बदलून पाहिली. मदतनीस निघून गेला होता. समोरच्या दुकानाचं शटर खाली आलं.

नानांनी हातोडी खाली ठेवली.

"शैलूला फोन करा," ते म्हणाले.

"काय सांगू?"

"दोघांना उठवायचंय म्हणावं." त्यांनी घंगाळ थोडं फिरवलं आणि हातोडी उचलली. "सावकाश करा. मी तोवर दुसरी ओळ घेतो."